सेकंड हँड रॅक सर्व्हर छोट्या ऑफिसात: कोअर सोडा, वॉट बघा

गेल्या महिन्यात, जीएसटीच्या ३बीची २० तारीख तोंडावर असताना, आमच्या सर्व्हरच्या दोनपैकी एक एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, गेला. ऑफिसात कुणालाही कळलं नाही. टॅली चालू, सगळ्यांची रिमोट डेस्कटॉपची सेशन्स चालू, प्रिंट निघताहेत. संध्याकाळी मागची एक नेटवर्क वायर बघायला वाकलो तेव्हा एसएमपीएसवरचा हिरवा दिवा केशरी होऊन लुकलुकताना दिसला. त्यानंतर विक्रेत्याशी वॉरंटीवरून बरंच वाजलं. असं मशीन घ्यायच्या विचारात असणाऱ्यांना दोन्ही गोष्टी कळायला हव्यात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस, ठाण्यात पाचपाखाडीला. सर्व्हर घेतला महापेच्या बाजूच्या एका रीफर्बिश विक्रेत्याकडून. दोन यूचं (रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीचं) मशीन, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, आठ एसएएस (सर्व्हरच्या प्रकारच्या) हार्ड डिस्क, ७५० वॉटचे, कार्यक्षमतेच्या प्लॅटिनम श्रेणीतले दोन एसएमपीएस. जीएसटी धरून ७०,००० च्या आत बसलं. प्रोसेसर २०१६ चा असला तरी १४ कोअरचा आहे. आमच्या कामाला एवढी ताकद लागतही नाही, आणि वेगाबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्यामुळे बेंचमार्क वगैरे लिहीत नाही.

तक्रार होती ती विजेची. हा सर्व्हर रिकामा बसून किती खातो, हे विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही, आणि बिल मात्र दर महिन्याला येतं. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर लावून पाहिलं. रात्री, ऑफिसात कुणी नाही, एकही सेशन नाही, तरी १९८ वॉट. महिन्याला १४२ युनिट. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर वीज शुल्क असं सगळं मिळून कमर्शिअल मीटरवर युनिट कितीला पडतं ते प्रत्येकानं आपल्या बिलावर बघावं; हिशेबाला सोपे म्हणून दहा रुपये धरले तरी महिन्याला चौदाशेच्या वर झाले, तेही बहुतांश वेळ काहीच न करता. शिवाय जेवढे वॉट आत जातात तेवढी उष्णता बाहेर पडते. ती केबिनमधून काढायला एसी आहे, म्हणजे त्याचं बिल वेगळं.

हा दुर्गुण फक्त माझ्या मशीनचा नाही. गूगलच्या लुईस बारोसो आणि उर्स होल्त्झले या दोन इंजिनीअरांनी २००७ मध्येच हे मांडलं होतं: सर्व्हर आयुष्याचा बराचसा काळ १० ते ५० टक्के कामावरच असतात, आणि काम नसतानाही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज घेतात. जितकं काम तितकी वीज, असं यंत्र हवं, हा त्यांचा आग्रह. तेव्हापासून प्रोसेसर झोपवण्याच्या बाबतीत खूप सुधारणा झाली. पण ती सुधारणा माझ्या मशीनमध्ये बायोसमधूनच, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधूनच, बंद करून ठेवलेली होती.

डेटा सेंटरमधून आलेल्या मशीनमध्ये पॉवर प्रोफाइल बहुतेक वेळा 'मॅक्झिमम परफॉर्मन्स'वर असतं. म्हणजे सी-स्टेट (काम नसताना कोअर झोपवायची सोय) बंद, कोअर कायम जागे. तिथं ते ठीक असेल. आमच्याकडे रात्री दहा ते सकाळी दहा या मशीनला एका बॅकअपशिवाय काम नाही. प्रोफाइल बदलून वॉटमागे परफॉर्मन्सवाल्या पर्यायावर आणलं, सी-स्टेट चालू केले. मीटर १६३ वर आला, पैसे शून्य. आमच्या ज्येष्ठ अकाउंटंट ताईंना धास्ती होती की टॅली मंदावेल. झालं उलटंच. या प्रोसेसरचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढवलेला वेग, ३.३. शेजारचे कोअर झोपले की जागा असलेला कोअर टर्बोच्या टोकाच्या जवळ जाऊ शकतो, आणि टॅलीला एका कोअरचाच वेग लागतो. मोठे लेजर उघडायला पूर्वीपेक्षा उशीर लागतो, असं कुणीही म्हटलेलं नाही.

मग डिस्क. दहा हजार आरपीएमच्या आठ डिस्क दिवसरात्र फिरत होत्या. त्या जागी दोन एसएसडी मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, टाकल्या, बॅकअपला दोन जुन्या डिस्क ठेवल्या. १३५ वॉट. एसएसडीचे पैसे गेले, पण या खर्चाबद्दल मला अजिबात वाईट वाटलं नाही, कारण फायली उघडताना-बंद करताना वेग जाणवतो.

त्यानंतर दुसरा प्रोसेसर काढला. हे करण्याआधी एक समजून घ्या: त्या प्रोसेसरला जोडलेले निम्मे रॅमचे स्लॉट आणि काही कार्डांचे स्लॉट त्याच्याबरोबर मेलेले राहतात. रॅम पहिल्याच्या बाजूला हलवावी लागते, आणि रिकाम्या सॉकेटवर झाकण व हीटसिंकच्या जागी प्लास्टिकचा ब्लँक बसवावा लागतो, नाहीतर हवा सोप्या वाटेनं निघून जाते आणि पहिला प्रोसेसर तापतो. विक्रेत्याकडून तो ब्लँक मागून घ्या. आता ११२.

पंख्यांचं गणित इथंच सांगतो. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की वीज आठवा हिस्सा. आतले छोटे पंखे पूर्ण वेगात एकेक दहा वॉटच्या पुढे जातात, आणि असे सहा आहेत. म्हणून आत एक वॉट वाचवला की पंख्यांमध्येही थोडा वाचतो. मध्यंतरी मी दुसऱ्याच कंपनीचं एक नेटवर्क कार्ड टाकून पाहिलं. मदरबोर्डला त्या कार्डाचं तापमान वाचता येईना, तर त्यानं खबरदारी म्हणून सगळे पंखे वाढवले. बाहेर बसलेल्या क्लायंटशी बोलणं मुश्किल, आणि मीटर २० वॉट वर. कार्ड त्याच दिवशी काढलं.

आता एसएमपीएस. इथं माझं मत महिन्यागणिक बदलत गेलं.

सुरुवातीला दुसरा एसएमपीएस मला निव्वळ उधळपट्टी वाटत होता. कारण साधं आहे. दोन एसएमपीएस भार वाटून घेतात. ११२ वॉट म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ५६, त्याच्या ७५० च्या क्षमतेच्या साडेसात टक्के. प्लॅटिनमचं प्रमाणपत्र २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजून दिलेलं असतं: सर्व्हरच्या २३० व्होल्टच्या वर्गात २० टक्क्यांवर ९०, निम्म्या भारावर ९४, पूर्ण भारावर ९१ टक्के कार्यक्षमता. २० च्या खाली काय होतं याचं बंधनच नाही. दहा टक्क्यांवरची अट आली ती त्याच्या वरच्या टायटॅनियम श्रेणीत. म्हणजे स्टिकर प्लॅटिनमचं, पण माझ्या ऑफिसात ते मशीन अशा जागी चाललेलं जिथं त्या स्टिकरचा काही संबंध नाही. एक काढून कपाटात ठेवावा, असं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात सेटिंगमध्ये हॉट स्पेअर नावाचा पर्याय सापडला. काही कंपन्या यालाच कोल्ड रिडंडन्सी म्हणतात. एक एसएमपीएस सगळा भार उचलतो, दुसरा प्लगमध्येच पण झोपेत. भार वाढला किंवा पहिला गेला की दुसरा तत्काळ उठतो. सगळा भार एकावर आला की तो पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो आणि कार्यक्षमता सुधारते. मीटर १०४ वर आला. आठ वॉट ऐकायला काहीच नाहीत, पण वर्षाला ७० युनिट होतात आणि विमा तसाच राहतो. १९८ वरून १०४: वर्षाला ८२० च्या आसपास युनिट वाचली. शिवाय यूपीएसची बॅटरी पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ टिकते. पावसाळ्यात महावितरणचा दुरुस्तीचा शटडाऊन असला की हे फार उपयोगी पडतं.

आमची जोडणी अशी होती: पहिला एसएमपीएस ऑनलाइन यूपीएसवर, दुसरा वेगळ्या एमसीबीवरून थेट मेन्सवर. मेला तो पहिला. म्हणजे झोपलेला उठला आणि त्यानं पूर्ण ऑफिस सांभाळलं, तेही टॅलीतल्या एकाही एन्ट्रीला धक्का न लागता. हे कसं होतं ते वाचल्यावर मला या रचनेबद्दल मनापासून आदर वाटला. सर्व्हरच्या एसएमपीएसमधून भाराला मुख्यतः एकच, १२ व्होल्टचा, पुरवठा जातो; बाकीचे व्होल्टेज बोर्डावर तयार होतात. दोघांचे १२ व्होल्ट एकाच पट्टीवर येतात, पण प्रत्येकाच्या तोंडाशी मॉसफेटचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचं, एकेरी दार असतं. एक आतून शॉर्ट झाला तरी दुसऱ्याची वीज त्याच्यात उलटी वाहत नाही. चालू मशीनमधून एसएमपीएस ओढताना कनेक्टरमधल्या काही मुद्दाम आखूड ठेवलेल्या पिना आधी सुटतात, आणि त्यावरून त्याला आपण निघतोय हे कळतं. मी विटकरी रंगाचा खटका दाबून मेलेला बाहेर ओढला तेव्हा टॅलीत एन्ट्री चालूच होत्या. दुसऱ्याची केबल मेन्सवर होती, म्हणून आधी त्याला यूपीएसवर न्यायची सोय केली. त्या दिवशी दुपारी वीज गेली असती तर सगळं बसलं असतं.

मेलेला एसएमपीएस घेऊन मी ट्रान्स-हार्बर लोकलनं घणसोलीला उतरलो, तिथून रिक्षा. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: "साहेब, यूपीएसचं आउटपुट खराब आहे, त्यानं जळलाय. वॉरंटीत बसत नाही." एसएमपीएस उघडलासुद्धा नव्हता.

इथं बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) कामाला आली. सर्व्हरच्या बोर्डावर हा एक स्वतंत्र छोटा संगणक असतो, मशीन बंद असलं तरी जागा. मीटरवर बंद मशीन १४ वॉट दाखवतं, त्यात हाही आला. आणि मी एरवी त्या १४ वॉटांवरही चिडलेलो होतो. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय नावाचा जो नियम घालून दिला, त्यामुळे ही बीएमसी प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद ठेवते. त्यात 'इनपुट गेला' आणि 'एसएमपीएस निकामी' या दोन वेगळ्या नोंदी असतात. यूपीएसनं दगा दिला असता तर पहिली नोंद असती. माझ्या लॉगमध्ये दुसरी होती, सकाळी ११:४२ ची. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच एसएमपीएसच्या पंख्याबद्दल इशारे येऊन गेले होते. आणि पीएमबसवरून, म्हणजे एसएमपीएस स्वतःचे आकडे ज्या तारेनं कळवतो त्या २००५ पासूनच्या पद्धतीनं, आलेला इनपुट व्होल्टेज शेवटपर्यंत २२९ ते २३१. यूपीएसचं आउटपुट खराब असल्याची खूण त्यात कुठेच नाही.

तो लॉग छापून टेबलावर ठेवला. विक्रेत्यानं वाचला, मग आतल्या माणसाला एसएमपीएस उघडायला सांगितलं. पंख्याचा दांडा धूळ आणि गंजानं जाम. एवढ्या पुराव्यानंतरही बदली म्हणून दिला तो ४९५ वॉटचा. दोन्हींची क्षमता जुळत नाही म्हणून मशीननं लगेच इशारा दिला, आणि पुन्हा फोनाफोनी, पुन्हा हुज्जत. शेवटी ७५० चा, त्याच पार्ट नंबरचा मिळाला. मला राग या दुसऱ्या प्रकाराचा जास्त आहे. पहिल्यांदा माहीत नव्हतं असं म्हणता येईल. पार्ट नंबर तर एसएमपीएसवरच छापलेला असतो. वॉरंटी देणाऱ्यानं गिऱ्हाइकाला लॉग आणायला लावू नये, त्यानं स्वतः मागावा.

बीएमसीचा ईमेल इशारा मशीन मिळालं तेव्हा बंद होता आणि पासवर्ड कारखान्यातला. दोन्ही बदला, पहिल्याच दिवशी. पंख्याचा इशारा मेलवर आला असता तर एसएमपीएस मरायच्या आठवडाभर आधी बदलून घेता आला असता. आता मेल येतात. शनिवारी रात्री बॅकअप झाला की मशीन आपोआप बंद होतं आणि सोमवारी सकाळी मी घरूनच बीएमसीमधून चालू करतो. ते १४ वॉट आता मला जास्त वाटत नाहीत.

चार-पाच माणसांचं ऑफिस असेल आणि काम एका टॅलीपुरतं असेल, तर हे मशीन घेऊ नका. एक चांगला डेस्कटॉप याच्या निम्म्याहून कमी विजेत तेवढं काम करेल. दहाच्या आसपास माणसं रिमोट डेस्कटॉपवर असतील, दिवसभर थांबणं परवडत नसेल आणि वर सांगितलेली काटछाट करायची तयारी असेल, तर याच्या किमतीत दुसरं काही मला दिसत नाही. फक्त एकाच प्रोसेसरचं मागा, भाव तिथंच उतरतो. एसएमपीएस दोन घ्या, सारखे. विक्रेत्याच्या दुकानातच वॉटमीटर लावून रिकामा भार बघा. आणि पैसे देण्याआधी बीएमसीचा लॉग उघडायला लावा. लॉग पुसलेला असेल तर पुसल्याची नोंद त्यात सगळ्यात आधी दिसते. ती तारीख तुमच्या भेटीच्या आदल्या दिवसाची निघाली, तर दोन्ही एसएमपीएसचे पंखे तुमच्यासमोर तपासून द्यायला सांगा आणि वॉरंटी लेखी घ्या.