संलग्न राहायचं की स्वायत्त व्हायचं? कोल्हापुरातल्या कॉलेजांसाठी

विवेकानंद कॉलेज स्वायत्त झालं, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवू लागलं, मग आपण का नको, असा विचार तुमच्या संस्थेत चालू असेल तर आधी एक भीती बाजूला ठेवा. पदवी दोन्हीकडे शिवाजी विद्यापीठाचीच मिळते.

खरा फरक अभ्यासक्रमात पडतो. समजा, रसायनशास्त्राच्या शिक्षकाला गूळ आणि साखरेच्या तपासणीवर पेपर सुरू करायचा आहे. संलग्न कॉलेजात तो विषय विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातून विद्या परिषदेपर्यंत जावा लागतो, आणि तिथे कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांचा विचार होतो. स्वायत्त कॉलेजचं अभ्यास मंडळ स्वतःचं असतं. त्यात बाहेरचे तज्ज्ञ आणि विद्यापीठाचा प्रतिनिधी बसतात, पण निर्णय लवकर होतो. इथे स्वायत्तता सरळसरळ सरस आहे.

परीक्षेचं मात्र उलट. पेपर काढणं, तपासणं, निकाल, पुनर्मूल्यांकन, सगळा भार कॉलेजवर येतो. विभागात एकच कायम प्राध्यापक आणि बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असतील, तर हे ओझं झेपणार नाही.

आता कारभार. माझ्या मते निर्णय इथेच ठरायला हवा, आणि संस्थांच्या बैठकांत नेमकं यावरच कमी बोललं जातं. 2016च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, कॉलेजांचे 10 शिक्षक आणि 10 नोंदणीकृत पदवीधर निवडून जातात. दोन्ही गटांत निम्म्या जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिलांसाठी राखीव असतात. स्वायत्त झाल्यावरही तुमचे शिक्षक तिथे मतदान करतात, पण रोजचे निर्णय कॉलेजच्या नियामक मंडळाकडे जातात. खासगी संस्थेत तिथे संस्थेच्या माणसांचं वजन जास्त, शिक्षक मोजके, आणि तेही निवडणुकीने येत नाहीत. शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्या गावात हे चालवून घेऊ नये.

यावर उपाय आहे. महाविद्यालय विकास समिती दोन्ही प्रकारच्या कॉलेजांना लागू आहे. तिच्यावर तीन शिक्षक निवडून येतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते. शिक्षकेतर कर्मचारीही निवडून येतो. स्वायत्ततेसाठी अर्ज करण्याआधीच संस्थेने लेखी ठराव करावा: अभ्यासक्रम, फी आणि परीक्षेचे विषय आधी या समितीसमोर येतील, तिचं मत नियामक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवलं जाईल.

असा ठराव होत असेल आणि कायम जागा भरलेल्या असतील, तर खुशाल अर्ज करा. नसेल, तर सध्या संलग्नच राहा आणि अभ्यास मंडळावर आपली माणसं पाठवण्यासाठी झटा.