पाच ट्रॅक तयार आहेत, पुढे काय? बडोद्यातून कार्यक्रम, बँडकॅम्प, स्ट्रीमिंग की ओपन कॉल

लॅपटॉप आणि सिंथवर (सिंथेसायझरवर) केलेल्या प्रायोगिक संगीताचे पाच ट्रॅक पूर्ण झालेत, मिक्स जमलंय, सोबत प्रोजेक्टरवर दाखवायची दृश्यं आहेत, आणि हाताशी तीस-चाळीस हजार रुपये नि सहा महिने. बडोद्यात राहून हे कुठे लावायचं, एवढाच प्रश्न आहे. रस्ते चार: इथेच कार्यक्रम करा, बँडकॅम्पवर (कलाकार जिथे आपलं संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावर) विका, वितरक कंपनीमार्फत स्पॉटिफाय वगैरेंवर चढवा, नाहीतर महोत्सव नि रेसिडेन्सी (कलाकारानं काही काळ राहून काम करायची सोय) यांच्या ओपन कॉलना, म्हणजे जाहीर आवाहनांना, अर्ज करत राहा.

मुंबई-पुण्याच्या मंडळींचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण गुजरातेत दारूबंदी आहे. तिकडच्या छोट्या जागांमध्ये वादकाचं मानधन बरंचसं बारच्या गल्ल्यातून निघतं. तिकिटं कमी खपली तरी मालकाची रात्र भरून येते, म्हणून तो नव्या माणसाला एखादा गुरुवार देऊन बघतो. आपल्याकडे कॉफी आणि सँडविचच्या बिलावर हे गणित बसत नाही. त्यामुळे जागावाला भाडं आधी मागतो आणि जोखीम सगळी तुमच्या डोक्यावर येते. बडोद्यात संगीताला पैसा नाही असं कोण म्हणेल? गरब्याच्या नऊ रात्री बघा. पण तो पैसा गरब्याचा. लॅपटॉप आणि सिंथवर पाऊण तास ऐकायला येणारा श्रोता वेगळा आणि मोजका आहे.

कार्यक्रम: तिकिटासाठी नव्हे, चित्रीकरणासाठी

समजा ५० खुर्च्या, ३०० रुपये तिकीट. भरल्या सगळ्या तर १५,०००. प्रत्यक्षात पंधरा जण फुकट येणारे मित्र आणि नातेवाईक असतात, म्हणजे हातात १०,५००. त्यातून खोलीचं भाडं, साउंड, प्रोजेक्टर आणि कॅमेरा धरणारे दोघे. बरोबरी झाली तरी नशीब समजा. म्हणून हा खर्च उत्पन्नाच्या खात्यात धरूच नका. त्या संध्याकाळी तयार होणारी तीन मिनिटांची चित्रफीत पुढची दोन वर्षं प्रत्येक अर्जाला जोडता येते. खरा माल तो.

एकदा हे ठरलं की बाकीचे निर्णय आपोआप बदलतात. अकोट्याचं सर सयाजीराव नगरगृह प्रतिष्ठेचं खरं, पण एवढ्या मोठ्या सभागृहात ५० माणसं विखुरली की चित्रात फक्त रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्यापेक्षा एखादा चित्रकाराचा स्टुडिओ किंवा गॅलरीची खोली घ्या. सयाजीराव विद्यापीठाच्या, १९५० पासून चालणाऱ्या फाइन आर्ट्स फॅकल्टीमुळे अशा खोल्या या शहरात मिळतात, आणि अनोळखी गोष्ट शांतपणे बघणारे लोकही मिळतात.

प्रोजेक्टर ठरवताना लुमेनइतकाच (उजेडाच्या मापाइतकाच) थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, विचारा. थ्रो १.५ असेल तर ३ मीटर रुंद चित्रासाठी साडेचार मीटर अंतर लागतं. छोट्या खोलीत एवढं अंतर धरलं की प्रोजेक्टर नेमका प्रेक्षकांच्या डोक्यावर येतो आणि पहिला उशिरा येणारा माणूस पडद्यावर सावली पाडतो. अंधार पक्का असेल तर ३,००० लुमेन पुरतात. खिडक्यांना काळा कपडा लावायचं काम दुपारीच उरका.

सगळ्यात जास्त घात करते ती घरघर. लॅपटॉप चार्जरवर, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज बाहेर काढणारी डबी) यूएसबीवर आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर असला की ग्राउंड लूप होतो, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटांचं वेटोळं बनतं, आणि स्पीकरमधून संथ ‘भुंऽऽ’ सुरू होते. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढा. आवाज थांबला तर दोष तिथेच. उपाय म्हणजे इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये दोन डीआय बॉक्स (सिग्नल वेगळा करून पुढे देणाऱ्या डब्या), त्यांवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबून, आणि शक्यतो सगळं एकाच बोर्डवर. चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाकण्याचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर हसून सोडून द्या, शॉक बसतो. डीआय साउंडवाल्याकडे असतोच असं नाही. बुकिंगच्या वेळीच ‘दोन डीआय’ असं लिहून पाठवा.

रेकॉर्डिंग मिक्सरच्या आउटवरूनही घ्या आणि खोलीत दोन माइक ठेवूनही घ्या. नुसत्या मिक्सरच्या फाइलमध्ये टाळ्या, खोली, माणसं काहीच नसतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं घरी बसूनच केलंय. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, आवाज-चित्र जुळवायला तीच कामी येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर. नाहीतर एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकत राहतात. डीएलपी प्रकारचा प्रोजेक्टर तरीही त्रास देऊ शकतो, तेव्हा आदल्या दिवशी दोन मिनिटं चित्रीकरण करून मोठ्या पडद्यावर बघा.

तारीख? नवरात्रीच्या आधी आणि नवरात्रीत चांगला साउंडवाला मिळणार नाही. गणपतीतही तेच. लग्नसराईत मिळेल, पण रात्री अकराला त्याला दुसरीकडे मांडव बांधायचा असतो. जुलै किंवा दिवाळीनंतरचे दोन आठवडे बरे. जुलैत तळघरातली जागा मात्र घेऊ नका. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुठवर आलं होतं, हे बडोदेकराला सांगायला नको. गच्चीवर करायचं असेल तर लाउडस्पीकरसाठी पोलिसांची परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र.

बँडकॅम्प आणि स्ट्रीमिंग: दोन वेगळे गिऱ्हाईक

लोक यातलं एक निवडतात. वास्तविक दोघांची कामं वेगळी आहेत. बँडकॅम्पवर माणूस विकत घेतो, स्ट्रीमिंगवर सापडला तर ऐकतो.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के घेतं. पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा. ५ डॉलरच्या ईपीमागे (चार-पाच ट्रॅकच्या छोट्या अल्बममागे) ४ डॉलरच्या आसपास हाती येतात. म्हणजे ३० गिऱ्हाइकांमागे साधारण १२० डॉलर. शिवाय ‘बँडकॅम्प फ्रायडे’च्या दिवशी ते आपला वाटा सोडतात. ही प्रथा मार्च २०२० पासूनची. प्रकाशनाची तारीख त्या शुक्रवारी ठेवायला काहीच खर्च नाही.

आता स्पॉटिफाय. २०२४ पासूनचा नियम असा की एखाद्या ट्रॅकला मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचं मानधन मोजलंच जात नाही. पाच ट्रॅकसाठी ५,००० स्ट्रीम, तेही समान वाटून. एका ट्रॅकला ४,००० आणि बाकीच्यांना अडीच-अडीचशे झाले तर पैसे एकाच ट्रॅकचे. नव्या प्रायोगिक कलाकारानं पहिल्या वर्षी इथून शून्य धरून चालावं. ते ३० गिऱ्हाईक आणि हे ५,००० स्ट्रीम यांतलं जवळचं काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्हाला ३० माणसं जवळची वाटतात.

मग स्ट्रीमिंगवर जायचंच कशाला? कारण आयोजक पहिल्यांदा तिथेच नाव शोधतो. दुकानाची पाटी म्हणून ते लागतं. वितरक दोन तऱ्हेचे: वर्षाची वर्गणी घेणारे आणि एकदाच फी घेऊन पुढे टक्केवारी कापणारे. सीडी बेबी दुसऱ्या प्रकारातलं, ९ टक्के. वर्गणीवाल्यांकडे एक खाच आहे: वर्गणी थकली की संगीत खाली उतरवलं जाऊ शकतं. वर्षाला एखादाच ईपी काढणाऱ्याला एकरकमी फी परवडते, दर महिन्याला सिंगल टाकणाऱ्याला वर्गणी. प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी स्पॉटिफायच्या कलाकार-खात्यातून प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे ट्रॅक पाठवता येतो. वितरकाला पोचवायला लागणारा वेळ धरून फाइल चार आठवडे आधी द्या.

बिघडतं ते बहुतेक वेळा नावावर. तुमचं नाव-आडनाव सर्रास असेल तर तुमचा ट्रॅक दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतो. रोमन स्पेलिंग एकदा एक, पुढच्या वेळी दुसरं दिलं, तर दोन वेगळे कलाकार तयार होतात. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेल, त्यावर दुसऱ्या कंपनीचं बोधचिन्ह नको. मास्टर, म्हणजे ट्रॅकची अंतिम फाइल, ठोकून मोठा करण्यात अर्थ नाही, स्पॉटिफाय सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) आसपास आणतं. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) उणे १ डेसिबल ठेवा, म्हणजे एमपी३-सारख्या दाबलेल्या रूपात आवाज फाटत नाही.

आता बँडकॅम्पची अडचण, जी इथल्या माणसाला उशिरा कळते. पैसे पेपॅलमधून येतात, आणि पेपॅलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले. परदेशातला श्रोता तुमचा ईपी आरामात घेईल, बडोद्याच्या दांडिया बाजारातला मावसभाऊ मात्र अडकेल. त्याच्यासाठी डाउनलोड कोड आहेत. कोड पोस्टकार्डावर छापा, मागे मुखपृष्ठ, आणि कार्यक्रमाच्या दाराशी यूपीआयचा क्यूआर ठेवून विका. ५० माणसांतल्या दहांनी २०० ला कार्ड घेतलं तर कॅमेऱ्याचा निम्मा खर्च सुटावा. कार्यक्रम आणि बँडकॅम्प एकमेकांना पूरक ठरतात ते असे.

अमेरिकेतून येणाऱ्या रॉयल्टीसाठी तिकडच्या कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. न भरल्यास ३० टक्के कापले जाऊ शकतात, भरल्यास भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवर १५.

सँपल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातले तुकडे, वापरणाऱ्यांसाठी थोडं. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण ज्या गायकाचं ध्वनिमुद्रण तुम्ही कापून घेतलंत ते प्रकाशित झाल्यापुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षित असतं, आणि चालीचे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अभंग स्वतः गा, नाहीतर आजीकडून म्हणवून घ्या, वाद मिटला. तयार लूप-पॅकमधले तुकडे असलेला ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (हक्काचं संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे जातात आणि वितरक तुमचंच खातं गोठवतो.

ओपन कॉल: स्वस्त, पण वेळखाऊ

अर्जाला पैसे लागत नाहीत, दिवस लागतात. एका नीट अर्जाचे चार-पाच दिवस धरा. त्यामुळे दहा ठिकाणी तोच मजकूर डकवण्यापेक्षा तीन ठिकाणं निवडा.

हातात पूर्ण झालेलं काम असेल तर पारितोषिकं बघा. ऑस्ट्रियातल्या लिंझचा प्री आर्स इलेक्ट्रॉनिका १९८७ पासून चालू आहे. त्यातला डिजिटल संगीत आणि ध्वनिकलेचा विभाग दर वर्षी नसतो, तेव्हा यंदाचे विभाग आधी तपासा. काम अर्धवट, कल्पना पक्की असेल तर अनुदान किंवा रेसिडेन्सी: बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, दिल्लीची कलासंस्था खोज, स्वित्झर्लंडशी देवाणघेवाण असेल तर तिथली कलासंस्था प्रो हेल्वेतिया. तुम्ही १८ ते २५ वयाचे आहात आणि परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत ख्याल किंवा तबला शिकताय, तर केंद्राची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती सोडू नका: दरमहा ५,०००, दोन वर्षं. ती पारंपरिक विषयांच्या चौकटीत मिळते, सिंथसाठी नाही. पण रियाजाचा खर्च निघाला की सिंथचे पैसे उरतात. ज्या शहरात सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबख्शांच्या हाती संगीतशाळा दिली, तिथे दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे विद्यार्थी काही नवे नाहीत.

‘सर्व खर्च आमचा’ या वाक्यावर विसंबू नका. प्रवास, राहणं-जेवण, निर्मितीखर्च आणि मानधन या चार वेगळ्या गोष्टी आहेत, चारही लेखी विचारा. शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, किमान १५ दिवस आधीपर्यंत. निमंत्रणपत्र उशिरा आलं की सगळं ढेपाळतं. आणि वाजवायला बोलावून कलाकाराकडूनच ‘सहभाग शुल्क’ मागणाऱ्या महोत्सवाला नकार द्यायला लाजू नका.

निवड करणारे पहिलं मिनिट बघतात. चाळीस सेकंद काळा पडदा आणि हळूहळू चढणारा ड्रोन (लांबवलेला एकच सूर) तुम्हाला प्रिय असेल, पण अर्जाच्या फितीत तो कापा. इथेच कार्यक्रमाचं चित्रीकरण उपयोगी पडतं: माणसं बसलेली, पडदा उजळलेला, हात यंत्रावर. घरात रेकॉर्ड केलेल्या शुद्ध आवाजापेक्षा हे वजनदार ठरतं. जपलेलं रेकॉर्डिंग काय करतं ते बघा: अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं मूग सिंथेसायझर बसवून दिला, तिथे संगीतकार गीता साराभाईंसारख्यांनी काम केलं, आणि ते संगीत जगासमोर आलं २०२३ मध्ये. टेपा संस्थेत जपलेल्या होत्या म्हणूनच आलं. आपल्यापासून ११० किलोमीटरवरची ही गोष्ट आहे.

म्हणून ४०,००० ची विभागणी आम्ही अशी करू: कार्यक्रम आणि चित्रीकरण २५,०००, मास्टरिंग ८,०००, पोस्टकार्डं आणि वितरक ४,०००, उरलेले अडीअडचणीला. तुमच्या संगीतात प्रेक्षकासमोर काही घडतच नसेल, सगळी मजा हेडफोनमध्येच असेल, तर हे गणित उलटं करा. कार्यक्रम गाळा, मास्टरिंगवर खर्च वाढवा आणि बँडकॅम्पपासून सुरुवात करा.

अर्जात व्हिडिओची लिंक पासवर्डसह देता, तेव्हा तो पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलू नका आणि लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉग-इन न करता उघडून बघा. मुदत ‘मध्य युरोपीय वेळ रात्री ११:५९’ असेल तर ती आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे ४:२९ आणि उन्हाळ्यात ३:२९ ला संपते.