वकिलाविना वारसा नोंद: खानापुरातलं टायपिंगचं दुकान

आप्पा गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावं चढवायची होती. मृत्युपत्र नाही, भांडण नाही, मग वकील कशाला? खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक) तहसीलजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात गेलो.

अर्ज कन्नडमध्ये. मला बोलायला येतं, लिहायला नाही. मालकानं मृत्यू दाखला, आधार, उतारा बघून नाडकचेरीच्या (कर्नाटकातलं तालुक्याखालचं महसूल कार्यालय) वंशावळीचा अर्ज भरला, ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली आणि मगच सही घेतली. थोरल्या भावानं फक्त भावांची नावं सांगितली, तर मालक टायपिंग थांबवून म्हणाला, "बहिणी किती हो? आई आहे न्हवं? आजी?" लग्न झालेल्या मुलींनाही हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलांइतकाच हक्क आहे, नाव गाळलं तर हरकत येऊन नोंद लटकते. थोरला गप्प बसला. उताऱ्यावर आप्पांचं आडनाव नव्हतं, आधारवर होतं. तेही त्यानंच पकडलं आणि प्रतिज्ञापत्र करायला लावलं.

दरपत्रक मात्र कुठं नाही, आधी विचारून घ्या. आणि बँकेतल्या ठेवीचं त्याला विचारू नका. "नॉमिनी म्हणजे मालक," असं ठोकून दिलं! नॉमिनीनं, म्हणजे ठेवीवर नाव लावलेल्या माणसानं, फक्त पैसे उचलायचे, हक्क वारसांचाच. विम्याबाबतही सुप्रीम कोर्टानं 1983 ला हेच सांगितलं होतं, पण 2015 च्या दुरुस्तीनं विम्याचा नियम बदललाय. नॉमिनी नसेल तर बँक दिवाणी कोर्टाचा वारसा दाखला मागू शकते, ते काम या दुकानाचं नव्हे.

दुकानाला पाचपैकी चार गुण. घरात वाद असेल तर मात्र सरळ बेळगावात वकील गाठा.