रुंद रूळ की अरुंद? पश्चिम आघाडीवरील सैनिकी रेल्वे

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर सैनिकांनी दोन प्रकारचे लोहमार्ग टाकले. दोन रुळांत १,४३५ मिलिमीटर अंतर असलेल्या, युरोपातल्या नेहमीच्या रुंद मार्गावरून अवजड तोफा आणि टनावारी दारूगोळा येई. पण त्याला पक्का भराव, खडी आणि जड स्लीपर लागत, आणि शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात असे काम लपवणे कठीणच.

६० सेंटिमीटरच्या मार्गाचे रूळ पोलादी स्लीपरांसकट जोडलेल्या तयार तुकड्यांत मिळत; सैनिक ते हातांनी उचलून चिखलातच मांडत, आणि गोळा पडून एखादा तुकडा उडाला, तर त्या जागी दुसरा बसवत. वाफेच्या इंजिनाचा धूर शत्रूला दिसू नये म्हणून अगदी पुढच्या पट्ट्यात लहान पेट्रोल इंजिने गाड्या ओढत. डबे लहान, वेग कमी, घसरणेही नित्याचे. तरीही परतीच्या फेरीत याच गाड्यांतून जखमींना मागे नेता येई, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही खंदकांजवळ अरुंद मार्गच उजवा ठरतो.