क्रोनी: लिनक्सवरील घड्याळासाठी भरवशाचे सॉफ्टवेअर

लिनक्स संगणकाची वेळ अचूक ठेवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, विशेषतः रोज बंद-चालू होणाऱ्या लॅपटॉपसाठी, माझी पसंती निःसंशय क्रोनीला आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स या कंपन्यांसाठीच्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून, वेळ जुळवणारी जुनी प्रणाली एनटीपीडी वगळून केवळ क्रोनी ठेवण्यात आली, तो निर्णय मला योग्य वाटतो.

संगणकाचे घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमानामुळे ती दहा लाखांत 20 इतकी जरी कमी-जास्त झाली, तरी दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. क्रोनी इंटरनेटवरील वेळेच्या सर्व्हरला वेळ विचारून थांबत नाही. आपले घड्याळ कोणत्या गतीने चुकते याचा हिशेब मांडून तो फाइलमध्ये जपते आणि इंटरनेट तुटले तरी त्याच हिशेबाने दुरुस्ती चालू ठेवते. वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची असतात, तिथे या गुणाचे मोल फार आहे.

सेटिंग मात्र समजून घ्यावे लागते. बहुतेक ठिकाणी सेटिंगच्या मूळ फाइलमध्ये 'मेकस्टेप 1.0 3' अशी ओळ असते. म्हणजे सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांपुरतीच, तीही फरक एका सेकंदाहून अधिक असेल तर, वेळ एकदम बदलली जाते आणि त्यानंतर घड्याळ हळूहळू सरकवले जाते. वेळ अचानक मागे गेल्यास डेटाबेस आणि लॉगमधील नोंदींचा क्रम बिघडतो, म्हणून ही सावधगिरी रास्त आहे. पण थांबवून ठेवलेले व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) पुन्हा सुरू केल्यावर ते तासभर मागे असेल, तर लिनक्सवरील कमाल गतीनेही ही तूट भरायला बारा तास लागतात. अशा मशीनवर 3 च्या जागी -1 लिहावे, म्हणजे वेळ एकदम बदलण्यावर तीन दुरुस्त्यांची मर्यादा राहत नाही.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांमुळे भारतातील कंपन्यांना आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जोडावी लागतात. क्रोनीत त्यासाठी सर्व्हरच्या नावाची एक ओळ पुरते. आवृत्ती 4.0 पासून एनटीएसची, म्हणजे वेळ खऱ्या सर्व्हरकडूनच आली का हे तपासणाऱ्या पद्धतीची, सुरक्षाही मिळते, त्यामुळे वाटेत कोणी खोटी वेळ घुसवल्यास ती नाकारली जाते.

क्रोनी विंडोजवर चालत नाही आणि तिला स्वतःची खिडकी नाही. सारे काम 'क्रोनीसी' या आज्ञेने करावे लागते. घरच्या एका संगणकावर साधारण बरोबर वेळ एवढीच अपेक्षा असेल, तर सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रणालीसोबत येणारी टाइमसिंकडी ही वेळ जुळवणारी साधी सेवा पुरेशी आहे.