इंक टँक की लेझर? कमी छापणाऱ्याची अडचण

घरासाठी प्रिंटर घ्यायचा म्हटलं की हल्ली प्रश्न एकाच जागी येऊन थांबतो: शाईच्या टाक्यांचा रंगीत इंकजेट घ्यावा, की फक्त काळं छापणारा लेझर? छोट्या कार्ट्रिजचे इंकजेट मी या तुलनेत धरतच नाही. ज्याने एकदा वापरलाय त्याला कारण सांगायला नको, आणि ज्याने वापरला नाही त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा. रंगीत लेझरही बाजूला ठेवतो. चार टोनर (लेझरमध्ये शाईऐवजी असते ती पूड), भलंमोठं धूड, आणि एक टोनर बदलून हात धुवावेत तर दुसरा संपायला आलेला.

मी दोन्ही वापरलेत. आधी जवळपास तीन वर्षं इंक टँक, आणि आता लेझरचं चौथं वर्ष चालू आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाहीच, पण आधी माझी छपाई कशी असते ते सांगतो, कारण सगळं तिथेच ठरतं. आठवड्याला एखाद-दुसरं पान. कधी महिना-दीड महिना काहीच नाही. आणि मग एखाद्या संध्याकाळी वीस पानांचा करारनामा, तोही आत्ताच्या आत्ता.

कागदावरचा हिशेब पाहिला तर इंक टँक सरळ जिंकतो. काळ्या शाईची एक बाटली काही हजार पानं पुरते, रंग मिळतात, फोटोही बरे येतात. लेझरच्या खोक्यात येणारा पहिला टोनर मात्र बहुतेक वेळा पूर्ण भरलेलाच नसतो; ‘स्टार्टर’ असं त्याचं गोंडस नाव. मीही हाच हिशेब करून इंक टँक घेतला होता. आजही तो हिशेब चुकला असं म्हणवत नाही. फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

खोक्यावर ‘इतकी पानं’ म्हणून जो आकडा छापतात तो कसा काढतात, हे मी उशिरा वाचलं. त्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेची ठरलेली पद्धत असते: इंकजेटच्या कार्ट्रिजसाठी आयएसओ २४७११ आणि काळ्या टोनरसाठी आयएसओ १९७५२ अशी प्रमाणं आहेत. टाकीवाल्या प्रिंटरचे आकडेही सहसा आयएसओच्याच ठरावीक पाच नमुना पानांवरून काढलेले असतात. ही पानं जवळपास सलग छापत राहायची आणि शाई कुठवर पुरते ते मोजायचं. मोजण्याची पद्धत वाईट नाही. पण त्यात यंत्राला महिनाभर रिकामं बसवून मग एक पान मागणारा माणूस कुठेच नसतो. मी नेमका तो माणूस.

शाईचा प्रिंटर रिकामा बसला की काय होतं ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं: हेड, म्हणजे शाई उडवणारा भाग, चोक होतं. ही शाई केसापेक्षाही बारीक छिद्रांतून उडवायची असते. काही कंपन्या, उदाहरणार्थ एप्सन, विजेने वाकणाऱ्या पिझो स्फटिकाने ती ढकलतात. कॅनन आणि एचपी क्षणभर उष्णता देऊन बुडबुडा तयार करतात आणि तो शाईला बाहेर फेकतो. पद्धत कुठलीही असो, छिद्राच्या तोंडाशी असलेल्या शाईतलं पाणी उडत राहतं. आधी ती घट्ट होते, मग तिचा दट्ट्या बसतो. यावर उपाय एकच, मागून आणखी शाई खेचून तो दट्ट्या बाहेर काढायचा. यालाच मेनूमध्ये ‘हेड क्लीनिंग’ म्हणतात. म्हणजे शाईने शाई धुवायची. धुतलेली शाई यंत्राच्या पोटातल्या स्पंजमध्ये जाते. तो स्पंज भरला असं यंत्राच्या गणतीत आलं की छपाईच बंद. काही मॉडेलमध्ये स्पंजचा डबा घरी बदलता येतो, काहींमध्ये यंत्र उचलून दुरुस्तीला न्यावं लागतं.

माझ्या बाबतीत गोष्ट एका अर्जावरून पेटली. तीन पानं छापायची, सही करायची आणि सकाळी द्यायची. आधीचं पान छापून दीड महिना झाला असेल. पहिलं पान आलं ते दात पडलेल्या फणीसारखं: प्रत्येक ओळीत आडव्या पांढऱ्या फटी, आणि निळा रंग जवळजवळ गायब. क्लीनिंग केलं. नोझल, म्हणजे ती बारीक छिद्रं, तपासायचं पान काढलं. निळा आला, पण काळ्यात नव्या फटी. पुन्हा क्लीनिंग. तिसऱ्यांदा केलं तेव्हा लक्षात आलं की टाकीतली काळ्या शाईची पातळी डोळ्यांना दिसेल इतकी खाली गेलीय. टाकी पारदर्शक असण्याचा हा फायदा म्हणावा की तोटा, मला अजून ठरवता आलेलं नाही. कार्ट्रिजमध्ये असं होतं तेव्हा निदान दिसत तरी नाही. माहितीपुस्तिका म्हणाली की आता यंत्र बारा तास तसंच ठेवा आणि मग पुन्हा प्रयत्न करा. माझ्या हातात होते अकरा. शेवटी पेन ड्राइव्ह खिशात टाकून बाहेर पडलो आणि तीन पानं दुसरीकडे छापून आणली. घरात प्रिंटर असताना!

यात माझीही एक चूक होती, आणि ती बरेच जण करत असतील म्हणून सांगतो. काम झालं की मी भिंतीवरचं बटण बंद करायचो. वीज वाचते, शिस्त दिसते. पण इंकजेटला स्वतःच्या बटणाने बंद केलं तरच तो हेड नेऊन एका रबरी टोपीखाली नीट झाकतो. मध्येच वीज तोडली तर हेड उघडं राहू शकतं आणि शाई आणखी लवकर सुकते. शिवाय भिंतीवरून वीज आली की कित्येक प्रिंटर सुरू होताना आपणहून थोडी शाई खर्चून साफसफाई करतात. म्हणजे माझी काटकसर दोन्ही बाजूंनी शाईच पीत होती. इंक टँक घेणार असाल तर निदान एवढं लक्षात ठेवा: बंद करायचा तो त्याच्याच बटणाने, प्लग लावलेला राहू द्यायचा.

दुसरा उपाय सगळेच सुचवतात: आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. मी तेही केलं. फोनवर दर रविवारची आठवण लावली. ती वाजली की उठायचं, चार रंगांचे पट्टे छापायचे, पान खणात टाकायचं. मागच्या कोऱ्या बाजूवर सामानाच्या याद्या लिहून मी ती पानं वापरत असे. वर्षअखेरीला खण आवरताना सहज मोजली तर पट्ट्यांची पानं चाळीसच्या वर निघाली. त्याच वर्षात मला खरोखर लागलेली पानं फार तर नव्वद असतील. याला मोजमाप म्हणायचं नाही, एका घराच्या एका खणाचा आकडा आहे. पण माझ्यापुरता निकाल त्या खणातच लागला. प्रिंटर बिघडलेला नव्हता, कंपनीने फसवलं नव्हतं, आणि तरी तिसऱ्या रविवारी मी पट्टे छापायचे विसरलो की पोटात गोळा यायचा.

लेझरकडे वळण्याचं कारण एवढंच की त्यात सुकण्यासारखं काही नाही. टोनर ही मुळातच कोरडी पूड, बरीचशी प्लास्टिकची. ती स्थिर विजेने ड्रमला, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्याला चिकटते, तिथून कागदावर येते आणि साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून बसते. अभियंता गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीत छायाप्रतीच्या यंत्रात लेझरचा किरण वापरून पाहिला. १९८४ मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट टेबलावर आला, आतलं यंत्र कॅननचं. तेव्हाही पूड होती, आजही पूडच आहे. मधल्या काळात आकार आटोपशीर झाला, छपाई बारीक झाली. पण महिनाभर न वापरल्याचा राग धरायचा नाही हा गुण त्यात पहिल्यापासून आहे.

एकदा घर सलग तीन महिने बंद होतं. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी काहीतरी छापायचं निघालं. सवयीने मी आधी घड्याळ पाहिलं, दुसरीकडून छापून आणायला वेळ आहे ना म्हणून. पान आलं. काळंभोर, फटी नाहीत. मी तेच पान उगाच आणखी एकदा छापलं.

आता लेझरचे त्रास. ते आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर हा आढावा नुसती वकिली होईल. रूळ तापताना तो एकदम वीज ओढतो. माझ्या खोलीतला दिवा त्या क्षणी किंचित मंदावतो, आणि एकदा चुकून प्रिंटर यूपीएसवर लावला तेव्हा यूपीएसने असा आक्रोश केला की पुन्हा ती हिंमत झाली नाही. (लावूच नये, असं पुस्तिकेत लिहिलेलंही असतं. वाचतो कोण!) गरम प्लास्टिकचा हलका वास येतो, खिडकी उघडी ठेवलेली बरी. दमट हवेत कागद ओलसर झाला की पानं गुंडाळी होऊन बाहेर पडतात, कधी दोन-दोन एकदम ओढली जातात. म्हणून मी ट्रेमध्ये वीस-पंचवीसच कागद ठेवतो, बाकीचे पिशवीत बंद. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये घालू नका, त्याचा थर वितळून रुळाला चिकटू शकतो. आणि टोनर अंगावर सांडला तर गरम पाण्याने धुवायचा नाही. झटकायचा आणि थंड पाणी वापरायचं. हे मला एका शर्टाने शिकवलं.

खरी उणीव रंगाची. ती मी कमी लेखली होती, हे कबूल करतो. फोटोंचं काही वाटलं नाही, ते तसेही मी बाहेरूनच काढून घेतो. पण एकदा एक आलेख छापला, त्यात एक रेघ लाल आणि एक निळी. कागदावर दोन्ही सारख्याच करड्या. खर्च वाढलाय की उत्पन्न, काही कळेना. आता एक रेघ तुटक काढतो, भागतं. मुलांचे शाळेचे प्रकल्प, नकाशे, रंगीत चित्रं हे सगळं घरात नेहमी लागत असेल तर मात्र ‘भागतं’ हे उत्तर चालणार नाही. तिथे माझ्या बोलण्याकडे खुशाल दुर्लक्ष करा.

वेगाबद्दल फार बोलत नाही. लेझरचं पहिलं पान जरा तापून येतं, मग भराभर. वीस पानांच्या करारनाम्याला फरक कळतो, एका पानाला नाही. पाण्याचा एक मुद्दा मात्र छोटा असून उपयोगी ठरला: पाकिटावरचा पत्ता लेझरने छापला तर ओल्या बोटाने पसरत नाही आणि हायलायटर फिरवला तरी अक्षर फरपटत नाही. काही इंक टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, तिला हा त्रास कमी. घेताना तेवढं विचारून घ्या. वायफायवर प्रिंटर न सापडणं, फोनने ‘ऑफलाइन’ म्हणणं, ही रडकथा दोन्हीकडे सारखी आहे, म्हणून ती तुलनेत घेतलीच नाही. वायर लावा.

खर्चाचं म्हणाल तर दर पानामागे लेझर बहुधा महागच पडत असेल. पण माझ्याकडचा पहिला अर्धवट टोनरच दोन वर्षांहून जास्त पुरला. शेवटी अक्षरं फिकट झाली तेव्हा मी तो बाहेर काढून आडवा हलवला आणि परत बसवला, तर आणखी दीड-दोन महिने निघाले. इतकं कमी छापणाऱ्याने दर पानाचा हिशेब मांडून काय साधायचं? रविवारचे पट्टे आणि क्लीनिंगची शाई धरली तर माझ्या इंक टँकचा दरही खोक्यावरच्यापेक्षा बराच वेगळा निघाला असता. मी तो काढला नाही, आता काढणारही नाही.

तर मला विचाराल तर रोज किंवा एक दिवसाआड छपाई होणाऱ्या घरात इंक टँकच घ्यावा, त्यात वाद नाही. तिथे शाईला सुकायला सवडच मिळत नाही. महिन्याला पाच-दहा पानं, तीही बहुतेक मजकुराची, असं असेल तर मी काळा लेझर घेईन, मी घेतलाच. मध्ये कुठे असाल तर शेवटची दोन पानं तुम्ही कधी छापलीत आणि त्यांच्यात किती दिवसांचं अंतर होतं, तेवढं आठवून पाहा.

माझा जुना इंक टँक धाकट्या बहिणीकडे दिला. हेड मोकळं करून, टाक्या भरून, आणि रविवारच्या पट्ट्यांची पक्की ताकीद देऊन. तिच्याकडे दोन मुलं शाळेत आहेत, रोज काही ना काही छापलं जातं. वर्षभराने विचारलं, पट्टे काढतेस ना? ती म्हणाली, “कसले पट्टे, दादा?”