ड्रॅगफ्लिकर लाडका, रशर दोडका? आमच्या कोचचा रिव्ह्यू

मुलगा कॉलेजच्या हॉकी टीममध्ये आहे, दोन सीझन झाले या सरांकडे, बोरिवलीहून पहाटेची लोकल पकडून जातो किट बॅग सांभाळत. टेक्निक एक नंबर शिकवतात, त्यात वादच नाही. पण स्टार पोरांना वेगळा न्याय आहे हो! ड्रॅगफ्लिकर (स्टिकने बॉल ओढत जोरात गोलवर मारणारा) वीस मिनिटं उशिरा आला तर "ये रे बाळा", आणि आमचा पाच मिनिटं लेट झाला (लोकल लेट, त्याची काय चूक?) तर पाच राउंड. आमचा पेनल्टी कॉर्नरला (फाउलनंतर समोरच्या टीमला मिळणारा गोल मारायचा चान्स) फर्स्ट रशर, म्हणजे समोरून फ्लिक येत असताना सरळ बॉलच्या अंगावर धावत जायचं, गुडघा काळानिळा करून घरी येतो आणि गोल वाचला की टाळ्या गोलकीपरला.

अहो सर, पॅरिस 2024 ऑलिंपिकला आपला डिफेंडर रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि क्वार्टर फायनलचा बहुतेक वेळ आपण दहा जणांत खेळलो, शूटआउटपर्यंत मॅच नेली ती धावणाऱ्यांनीच ना, एकट्या गोलकीपर श्रीजेशने थोडीच.

एक मात्र सांगते, मागच्या महिन्यात सरांनी बेंचवरच्या पोराला बाजूला घेऊन अर्धा तास नुसतं स्टॉपिंग (स्टिकने बॉल थांबवणं) करून घेतलं, स्वतः वाकून बॉल पुश करत होते. ते बघून एक स्टार वाढवला. साडेतीन. फी थोडी जास्तच आहे, पावसात बॅच बुडली तर भरून देत नाहीत.